पाच मिलिसेकंदांनंतर

बाळ तीन दिवसांचं होतं आणि नुकतंच दूध पिऊन झोपलं होतं. माझ्या भाचीची ही पहिली लेक. ऑडिओलॉजिस्ट खोलीत आली, तिनं पंखा बंद केला, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "आता दोन मिनिटं कुणी बोलू नका हं." तिच्या हातात मोबाइलपेक्षा जरा जाडजूड यंत्र होतं आणि त्याच्या वायरीच्या टोकाला मऊ रबरी टोपी घातलेलं छोटंसं बोंड. तिनं बाळाचा कान अलगद मागे ओढला आणि ते बोंड आत बसवलं. बाळानं झोपेतच ओठ चाळवले आणि पुन्हा निवांत झालं.

माझ्या बहिणीला, म्हणजे बाळाच्या आजीला, हे सगळं पटलेलं नव्हतं. सकाळीच तिनं बाळाच्या डोक्यामागे वाटीवर चमचा वाजवून पाहिला होता. बाळ दचकलं होतं, तिच्या लेखी विषय संपला होता. उजवा कान झाला, यंत्रावर 'पास' अशी अक्षरं आली, तेव्हा तिनं विचारलंच, "अगं, ती तर गाढ झोपलीय. तिला ऐकू आलं की नाही ते यंत्राला कसं कळलं?"

"तिनं काही सांगायला लागत नाही आजी," ती मुलगी डावा कान हातात घेत म्हणाली, "आपण आवाज दिला की कान आतून आवाज करतो. तो बाहेर येतो, तो हे यंत्र टिपतं."

कानातून आवाज बाहेर येतो! आयुष्यभर मी कान ही आवाज आत जाण्याची वाट समजत आले. डावा कान मात्र दोनदा करूनही 'रेफर', म्हणजे पुन्हा तपासा, असं दाखवत राहिला. तीन आठवड्यांनी पुन्हा या, असं तिनं सांगितलं. जन्मतः अंगावर असलेला चिकट पांढरा थर कानाच्या नळीत राहिला असला, तरी असं होतं, घाबरू नका, असंही सांगितलं. भाची अर्थातच घाबरली. आणि मी त्या तीन आठवड्यांत कानातून येणाऱ्या आवाजाचा माग काढत मागे मागे गेले, ती एका सहा पानी शोधनिबंधापाशी येऊन थांबले.

हा निबंध १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये 'जर्नल ऑफ दि अकूस्टिकल सोसायटी ऑफ अमेरिका' या नियतकालिकात आला. १९२९ पासून निघणारं हे ध्वनिशास्त्राचं जर्नल. लेखक डेव्हिड केम्प, लंडनच्या कान-नाक-घशाच्या रुग्णालयात काम करणारा भौतिकशास्त्रज्ञ. त्यानं केलं ते सांगायला अगदी साधं आहे. कानाची नळी बाहेरून बंद केली, आत एक बारीक स्पीकर आणि एक बारीक मायक्रोफोन ठेवला. स्पीकरमधून ऐकू येईल न येईल इतपत हलकी 'टक्' दिली आणि मायक्रोफोनला काय ऐकू येतं ते नोंदवलं.

आता थोडा हिशेब करू. आवाज एका मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब. पडद्यावर आपटून परत यायला आवाजाला एक मिलिसेकंदही नको, त्याचा सहावा-सातवा भाग पुरे. पडदा आणि त्यामागची तीन हाडं थोडी थरथरतील, पण ती थरथरही काही मिलिसेकंदांत विझणार. त्यामुळे त्यानंतर काय होतं हे बघण्याचं कुणालाच कारण वाटलं नव्हतं. केम्पनं बघितलं. निबंधाच्या सारांशातच त्यानं अगदी शांतपणे नोंदवलंय की पाच मिलिसेकंदांच्या पुढच्या या प्रदेशात याआधी कुणी निरीक्षण नेल्याचं दिसत नाही.

पाच मिलिसेकंदांत आवाज जवळपास पावणेदोन मीटर जातो. माणसाच्या उंचीएवढा. एवढ्याशा नळीच्या हिशेबानं हा युगानुयुगांचा काळ. आणि तिथं, जिथं शांतता असायला हवी होती, तिथं मायक्रोफोनला काहीतरी ऐकू येत होतं. सुरुवातीची थरथर साधारण एका मिलिसेकंदाच्या चालीनं विझत आली होती. पाचव्या मिलिसेकंदाच्या सुमारास ती चालच बदलली. आता जे उरलं होतं ते बारा मिलिसेकंदांहूनही संथ चालीनं विझत होतं. कोणीतरी दिलेल्या हाकेला उशिरानं ओ द्यावी तसं.

ही ओ इतकी क्षीण असते की एका 'टक्'मधून ती सापडत नाही. अंगातलं रक्त वाहतंय, श्वास चाललाय, बाहेर कुणीतरी दार लावतंय, या सगळ्याखाली ती बुडून जाते. म्हणून तीच 'टक्' पुनःपुन्हा द्यायची आणि सगळ्या नोंदींची सरासरी काढायची. गोंगाट दर वेळी वेगळा असतो, कधी वर कधी खाली, त्यामुळे सरासरीत तो आपसात फिटत जातो. ओ मात्र दर वेळी तीच, त्याच ठेक्याला येते, म्हणून ती टिकून राहते. बाळाच्या कानाशी धरलेलं यंत्रही हेच करतं. त्यासाठीच तर पंखा बंद केला होता.

पण खरी गंमत मला पुढे वाटली. संशोधन छापण्याची एक रीत आहे. निबंध जर्नलकडे गेला की संपादक तो त्याच विषयात मुरलेल्या दोन-तीन जणांकडे पाठवतो. बहुतेक वेळा लेखकाला त्यांची नावं कळत नाहीत, आणि या कामाचे त्यांना पैसेही मिळत नाहीत. ते निबंधात भोकं शोधतात. याला पिअर रिव्ह्यू म्हणतात, आपल्याकडे समकक्ष परीक्षण. मी त्या सहा पानांकडे परीक्षकाच्या नजरेनं बघायचा प्रयत्न केला. कानातून आवाज येतो, असं कुणी मला लिहून पाठवलं असतं, तर मी काय म्हटलं असतं?

पहिलं म्हणजे, हा तुमच्या यंत्राचाच आवाज असेल. स्पीकर गुणगुणत असेल, बोंडाच्या पोकळीत घुमत असेल. केम्पकडे उत्तर आहे. आतल्या कानातल्या कॉक्लियाच्या दोषामुळे ज्यांना ऐकू येत नाही अशांच्या कानाशीही त्यानं हाच प्रयोग केला. ऐकणाऱ्या प्रत्येक कानात ओ मिळाली, या कानांत मिळाली नाही. स्पीकर, मायक्रोफोन आणि 'टक्' तीच. यंत्राचा आवाज असता तर तो यांच्याही कानात आला असता.

बरं, मग आत कुठंतरी आपटून आलेला साधा प्रतिध्वनी असेल. हा आक्षेप जास्त अवघड. माथेरानच्या एको पॉइंटवर उभं राहून हाक मारली आणि मग दुप्पट जोरात मारली, तर प्रतिध्वनीही दुप्पट येतो. कडा दगडाचा आहे, दिलं तेवढं परत करतो, स्वतःचं काही घालत नाही. केम्पची ओ अशी वागत नव्हती. 'टक्' वाढवली तरी ओ त्या प्रमाणात वाढेना. हलक्या आवाजाला ती भरभरून आणि मोठ्या आवाजाला हात आखडून. दगड असं वागत नाही. जिवंत, खटपट करणारं काहीतरी असं वागतं.

एवढं सगळं हातात असताना माणसानं किती मोठ्यानं बोलावं! आणि केम्पनं काय लिहिलं? की या आवाजाचा उगम 'बहुधा' कॉक्लियात असावा. आवाज कॉक्लियातून परावर्तित होतो, या कल्पनेला या निष्कर्षांतून 'काहीसा' आधार मिळतो. हे 'बहुधा' आणि 'काहीसा' मला फार देखणे वाटतात. पुरावा जिथवर नेतो तिथवरच जायचं, त्यापुढे पाऊल टाकायचं नाही, ही या लेखनाची रीत आहे आणि त्या दोन शब्दांत ती पुरती उतरली आहे.

कॉक्लिया म्हणजे आतल्या कानातला गोगलगाईच्या शंखासारखा अडीच वेढ्यांचा भाग. तो उलगडला तर साधारण ३५ मिलिमीटर भरेल. आत द्रव भरलेला, आणि त्यात एक लांबच लांब पातळ पडदा. या पडद्याचं एक टोक तार सप्तकाला थरथरतं, दुसरं खर्जाला, मधला भाग मधल्या सुरांना. हे ज्यानं दाखवलं तो गेओर्ग फॉन बेकेशी, बुडापेस्टला टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करणारा संशोधक. मृत माणसांच्या कानातली कॉक्लिया त्यानं उघडली, पडद्यावर चांदीचे कण टाकले, झपझप उघडमीट करणारा प्रकाश सोडला आणि सूक्ष्मदर्शकातून पडद्यावरून धावणारी लाट बघितली. १९६१ चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. पण मेलेल्या कानातली लाट दिसावी म्हणून त्याला कानठळ्या बसतील असा प्रचंड आवाज द्यावा लागला होता. आणि दिसलेली लाट पसरट होती. एवढ्या पसरट लाटेतून आपला कान शेजारशेजारचे दोन सूर वेगळे कसे ओळखतो, तंबोऱ्याची तार केसभर उतरली तरी गवयाला कशी कळते, याचा उलगडा होत नव्हता.

या कोड्याला एका तरुणानं १९४८ मध्येच हात घातला होता. टॉमस गोल्ड. व्हिएन्नात जन्मलेला, युद्धकाळात ब्रिटनमध्ये रडारवर काम केलेला. केंब्रिजमध्ये त्यानं पम्फ्री या प्राणिशास्त्रज्ञासोबत माणसांवर प्रयोग केले आणि कान सूर किती बारकाईनं वेगळे करतो याचा अंदाज बांधला. मग तो म्हणाला, हे शक्यच नाही. तंबोरा पाण्यात बुडवून छेडा, तार लगेच मुकी होईल. कॉक्लिया तर द्रवानं भरलेली. तिथं पडद्याची थरथर क्षणात विझायला हवी. ती विझत नसेल, तर आत काहीतरी तिला दर आवर्तनाला ढकलत असलं पाहिजे, झोपाळ्याला दर झोक्याला रेटा द्यावा तसं.

गोल्डला ही कल्पना रेडिओतून सुचली होती. त्या काळच्या काही रेडिओंमध्ये वाढवलेल्या आवाजाचा थोडा भाग पुन्हा सुरुवातीला आणून सोडत, त्यामुळे क्षीण स्टेशनही स्वच्छ लागे. याचा धोका आपल्या सगळ्यांना माहीत आहे. गणपतीच्या मंडपात माइक स्पीकरच्या फार जवळ नेला की तो 'कुंईंऽऽ' करून ओरडतो. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा स्पीकरमध्ये, फिरत फिरत वाढत जातो. गोल्डनं हेही निबंधात मांडलं होतं. कानात असा रेटा असेल आणि तो कुठं जरासा जास्त झाला, तर कान स्वतःच गुणगुणू लागेल.

१९४८ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हे छापून आलं. आणि मग काही नाही. कुणी खोडून काढलं असंही नाही. बेकेशीची लाट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, त्यात ढकलणाऱ्या यंत्रणेला जागाच नव्हती. गोल्ड कान सोडून आकाशाकडे वळला. त्याच वर्षी हरमन बाँडीसोबत विश्वाच्या स्थिर अवस्थेचा सिद्धांत मांडला, पुढे पल्सार म्हणजे गरगर फिरणारे न्यूट्रॉन तारे असावेत हे १९६८ मध्ये सांगितलं. त्याचा कानावरचा निबंध ग्रंथालयांच्या फडताळांत बांधीव खंडात पडून राहिला. परीक्षकांनी तो आत घेतला, पण वाचकांकडून वाचवून घेणं काही त्यांच्या हातात नव्हतं.

तरी मला वाटतं, छापलेला होता हेच मोठं. १९७१ मध्ये अमेरिकेत विल्यम ऱ्होडनं माकडाच्या जिवंत कॉक्लियात पडद्याची हालचाल मोजली आणि ती हलक्या आवाजाला प्रमाणानं जास्त, मोठ्याला प्रमाणानं कमी अशी मिळाली. प्राणी मेला की हा गुण नाहीसा होत होता. हाही निबंध त्याच ध्वनिशास्त्राच्या जर्नलात आला, पण इतर प्रयोगशाळांना हे दिसेना, म्हणून लोक साशंक राहिले. सात वर्षांनी केम्पची सहा पानं आली आणि गोल्ड, ऱ्होड, केम्प असे तीन ठिकाणचे, तीन काळातले तुकडे एकमेकांना जुळू लागले. गोल्ड म्हणाला होता कान गुणगुणेल. तो गुणगुणत होताच. कुठलाही आवाज न देता ज्यांच्या कानातून मंद सूर आपणहून बाहेर येतो, अशी धडधाकट ऐकणारी माणसं पुष्कळ निघाली. हा सूर पुरुषांपेक्षा बायकांत आणि डाव्यापेक्षा उजव्या कानात जास्त आढळतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

ढकलणारं कोण, ते १९८५ मध्ये सापडलं. कॉक्लियात दोन प्रकारच्या केसपेशी असतात. आतल्या ओळीतल्या साधारण साडेतीन हजार, त्या मेंदूला बातमी देतात. बाहेरच्या ओळींतल्या सुमारे बारा हजार कशासाठी हे गूढ होतं, कारण त्यांच्याकडून मेंदूकडे फारसं काही जातच नाही. विल्यम ब्राउनेल आणि सहकाऱ्यांनी गिनिपिगच्या कानातली अशी एक सुटी पेशी घेऊन तिला विजेचा सौम्य धक्का दिला, तर ती आखूड झाली. उलटा दिला, लांब झाली. हा निबंध 'सायन्स'मध्ये आला. पुढे ब्रिटनमध्ये जोनाथन अ‍ॅशमोरनं अशा एका पेशीला 'रॉक अराउंड द क्लॉक' या गाण्याची विजेतली लय दिली आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली गाण्याच्या ठेक्यावर अक्षरशः उड्या मारू लागली. ते चित्रण मी पाहिलं. काकडीच्या कापासारखी फिकट, एकटी पेशी, आणि नाचतेय. मी ते तीनदा पाहिलं.

आता सगळं जोडून पाहा. आवाज आत जातो, कॉक्लियातला पडदा अणूच्या आकाराच्या आसपास हलतो, बारा हजार पेशी नाचून त्या हालचालीला रेटा देतात, म्हणून आपल्याला कुजबुज ऐकू येते. आणि त्या रेट्याचा थोडासा अंश आला त्या वाटेनं उलटा निघतो. हाडांतून, कानाच्या पडद्यातून, नळीतून बाहेर. केम्पनं टिपली ती ओ म्हणजे ऐकण्याच्या मेहनतीतून बाहेर सांडलेला आवाज होता.

१९८८ मध्ये इंग्लंडमधल्या कील इथं कॉक्लियावर काम करणाऱ्यांची बैठक भरली. तिथं त्यांनी गोल्डला बोलावलं आणि चाळीस वर्षांपूर्वी ही कल्पना कशी सुचली ते त्याच्या तोंडून ऐकलं. तिथल्या निबंधांचा जो ग्रंथ निघाला, त्याच्या दोन संपादकांपैकी एक होता केम्प.

हे सगळं त्या झोपलेल्या बाळापर्यंत पोचलं, त्यात भाषेचाही हात आहे. अमेरिकेतल्या वाचा आणि श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेनं १९३६ मध्ये जर्नल सुरू केलं, तेव्हा त्याच्या नावात फक्त वाचादोष होते. त्यांचं संशोधन-जर्नल १९५८ मध्ये निघालं, त्याच्या नावात वाचेशेजारी श्रवण आलं. 'भाषा' हा शब्द त्या नावात १९९७ मध्ये बसला. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतल्या क्रिस्टीन योशिनागा-इतानो आणि सहकाऱ्यांचा निबंध बालरोगांच्या एका जर्नलात आला, ज्यानं हे तिन्ही शब्द एकमेकांना घट्ट बांधले. त्यांनी बहिरी किंवा कमी ऐकू येणारी दीडशे मुलं पाहिली. ७२ मुलांचा दोष सहा महिन्यांच्या आत कळला होता, ७८ जणांचा नंतर. आधी कळलेल्या मुलांची भाषा लक्षणीयरीत्या पुढे होती, आणि ज्यांची बुद्धी वयाला साजेशी होती, त्यांची भाषाही बुद्धीच्या जवळपास चालत होती. दोष सौम्य असो की तीव्र, घर गरीब असो की श्रीमंत, लवकर कळल्याचा हा फायदा सगळीकडे दिसला. सहा महिने! बाळ अजून 'बा'सुद्धा म्हणत नाही, आणि भाषेचा पाया तोवर खणून व्हायला आलेला असतो.

वाटी-चमच्याची परीक्षा इथं तोकडी पडते. खणखणाट ऐकून दचकणाऱ्या बाळाला 'का' आणि 'ता'मधला फरक ऐकू येत असेलच असं नाही. अर्धवट ऐकणारी किती मुलं आजवर 'हट्टी आहे', 'लक्षच देत नाही', 'उशिरा बोलणार, बाबांवर गेलाय' म्हणून दोन-दोन, तीन-तीन वर्षं तशीच राहिली असतील, या विचारानं मला अजूनही कसंतरी होतं. आपल्याकडे वांद्र्याला वाचा-श्रवणासाठीची अली यावर जंग संस्था १९८३ पासून या क्षेत्रातली माणसं घडवते आहे, मैसूरची संस्था त्याच्याही आधीपासून. तरी जिल्ह्याच्या गावाबाहेर गेलं की ही चाचणी आजही दैवावर असते. ती प्रत्येक बाळंतिणीच्या खोलीपर्यंत गेली पाहिजे, असं माझं ठाम मत झालं आहे.

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो. बाळ वाटेतच झोपलं होतं. तीच मुलगी, तेच बोंड. या वेळी मी तिच्या खांद्यावरून यंत्राच्या पडद्याकडे बघत होते. एकेक खांब वर चढत होता, एकेक स्वरपट्टी. मला माहीत होतं, त्या प्रत्येक खांबामागे अंधारात कुठंतरी पेशी नाचतायत. डावीकडे 'पास' आलं.

"म्हणजे दोन्ही कानांनी नीट ऐकू येतं ना हिला?" भाचीनं विचारलं.

"आतला कान बाहेरच्या पेशींपर्यंत छान चाललाय," ती म्हणाली. "तिथून पुढे मेंदूपर्यंतच्या नसेचं या चाचणीत कळत नाही. त्याची वेगळी तपासणी असते, पण हिच्या बाबतीत तसं काही वाटायचं कारण दिसत नाही. तीन-चार महिन्यांनी आवाजाकडे मान वळवते का बघा. नाही वळवली तर वाट बघत बसू नका, लगेच या."

बहिणीनं दुपट्याचं टोक बाळाच्या कानावर ओढलं, मग तिलाच काय वाटलं कोण जाणे, पुन्हा बाजूला केलं.